कुत्र्याच्या गुदपिशव्या आणि त्यांचे विकार

कुत्रा मागचे दोन्ही पाय पुढे काढतो, बूड जमिनीला टेकवतो आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत फरशीवरून सरकू लागतो. हे दृश्य विनोदी दिसते व घरातील मुले हसतात. मग वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी ‘याला जंत झाले आहेत’ असे सांगून मोकळे होते. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातून जंतांचे औषध येते व कुत्र्याला पाजले जाते. चार दिवस कुत्रा बरा दिसतो, कारण या त्रासाचे स्वरूपच कमी-अधिक होणारे असते. पंधरवड्याने तो पुन्हा सरकू लागतो आणि त्याला पुन्हा तेच औषध मिळते. जंतांवरच्या औषधाच्या तीन-चार मात्रा होऊन गेल्यावर एके सकाळी कुत्र्याच्या शेपटीखाली सुपारीएवढी लाल सूज दिसते, किंवा तो जेथे बसला होता तेथील चादरीवर रक्त व पू यांचा डाग आढळतो. तेव्हा कुठे त्याला पशुवैद्याकडे नेले जाते. भारतातील शहरांमधून कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या कोणत्याही पशुवैद्याला ही हकीकत पाठ असते.

जंतांमुळे कुत्रा कधीच बूड घासत नाही, असे मात्र नव्हे. पण जंतांचा संशय हा पहिला व शेवटचा संशय ठरवल्यामुळे जे नुकसान होते ते टाळायचे असेल, तर शेपटीखालच्या दोन लहानशा पिशव्यांची माहिती कुत्रा पाळणाऱ्याला असली पाहिजे. या अवयवांविषयी बोलण्याचा लोकांना संकोच वाटतो. पशुवैद्यासमोर बसूनही ‘तो जरा कसेतरीच करतो’ एवढेच मोघम सांगणारे पुष्कळ असतात. संकोच समजण्यासारखा आहे, परंतु त्याचे दुःख कुत्र्याला भोगावे लागते.

गुदद्वार घट्ट मिटून धरण्यासाठी कड्यांसारखे दोन स्नायू असतात, एक आतला व एक बाहेरचा. या दोन कड्यांच्या मध्ये, उजवीकडे एक व डावीकडे एक, अशा दोन पिशव्या वसलेल्या असतात. कुत्र्याच्या मागे उभे राहून गुदद्वाराच्या जागी घड्याळाची तबकडी कल्पिली, तर या पिशव्या साधारणपणे चार व आठ या आकड्यांच्या ठिकाणी येतात. लहान कुत्र्यात त्यांचा आकार वाटाण्याएवढा असतो, तर मोठ्यात द्राक्षाएवढा भरतो. निरोगी अवस्थेत त्या बाहेरून दिसत नाहीत व सहसा हातालाही लागत नाहीत. प्रत्येक पिशवीतून एक बारीक नळी निघते आणि ती गुदद्वाराच्या अगदी काठाशी, आतले अस्तर व बाहेरची कातडी जेथे मिळतात तेथे उघडते. पुढे सांगितलेल्या बहुतेक विकारांचे मूळ या नळीच्या बारीकपणात आहे.

लोकव्यवहारात या अवयवांना गुदग्रंथी म्हणतात. काटेकोरपणे पाहता पिशवी हे केवळ साठवणीचे भांडे होय. ग्रंथी असतात त्या पिशवीच्या भिंतीत. त्यांतील काही घामाच्या ग्रंथींच्या जातीच्या, तर काही त्वचेला तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथींच्या जातीच्या असतात. त्यांचा पाझर आणि भिंतीवरून झडलेल्या पेशी मिळून पिवळसर तपकिरी रंगाचा, कधी पातळ तर कधी किंचित दाट असा द्रव तयार होतो. त्याचा वास सडक्या मासळीसारखा असून कपड्याला लागला तर एका धुण्यात जात नाही. मांजरालाही अशाच पिशव्या असतात. मुंगूस व तरस यांनाही गुदद्वाराजवळ गंधपिशव्या असतात. अमेरिकेतील स्कंक या प्राण्याने तर याच अवयवाचे शस्त्र बनवले असून शत्रूवर तो हा द्रव फवारतो. आपल्याकडील जवादी मांजराचा सुगंधी पदार्थ याच पिशव्यांतून येतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ती ग्रंथी वेगळी असून जननेंद्रियांच्या लगत असते.

कुत्र्याला या द्रवाचा उपयोग काय? दोन कुत्री भेटली की एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. या गंधातून समोरच्या कुत्र्याची ओळख पटते, असे मानले जाते. मळ घट्ट असला म्हणजे तो बाहेर पडताना पिशव्यांवर दाब येतो, द्रवाचे एक-दोन थेंब मळाला लागतात आणि कुत्र्याची खूण त्या जागी राहते. अतिशय घाबरलेल्या कुत्र्याच्या पिशव्या एकदम रित्या होतात. दिवाळीच्या फटाक्यांत पलंगाखाली दडून बसलेल्या कुत्र्याजवळ अचानक घाण वास येऊ लागला, तर तो आजार समजू नये.

पिशव्या आपोआप रित्या होत असतात तोवर त्यांची आठवण ठेवण्याचे कारण नाही. अडचण येते ती नळी तुंबल्यावर. मळ सतत पातळ असेल तर पिशव्यांवर पुरेसा दाब पडत नाही व द्रव आत साचून दाट होत जातो. जुना अतिसार झालेल्या कुत्र्यांत म्हणूनच हा त्रास पुष्कळदा आढळतो. लठ्ठपणामुळे त्या भागाचे स्नायू शिथिल होतात व चरबीमुळे पिशव्यांवरील दाब कमी होतो. त्वचेची अलर्जी असलेल्या कुत्र्यांत पिशवीचे अस्तर व नळीचे तोंड दोन्ही सुजतात. एखाद्या कुत्र्यात मात्र यांपैकी काहीच सापडत नाही आणि तरीही दर दोन महिन्यांनी पिशव्या तुंबतात. लहान जातींमध्ये प्रमाण अधिक असते. आपल्याकडील घराघरांतून पाळले जाणारे लासा अप्सो, पग, डॅशहंड, कॉकर स्पॅनियल आणि पॉमेरेनियन या नावाने विकला जाणारा भारतीय स्पिट्झ यांच्या मालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. नर आणि मादी असा भेद हा विकार करीत नाही.

बूड घासणे हे सर्वांत ठळक लक्षण खरे, पण ते एकटे नाही. कुत्रा शेपटीखाली वारंवार चाटतो, शेपटीच्या बुडाशी किंवा मांडीच्या मागच्या बाजूला चावे घेतो आणि तेथील केस झडतात. चालता चालता तो एकाएकी थांबतो आणि कोणी टोचल्यासारखा मागे वळून पाहतो. खाली बसताना तो सावकाश, एका कुल्ल्यावर भार देऊन बसतो, किंवा बसताच उठून जागा बदलतो. शौचाला बसल्यावर त्याला कुंथावे लागते, कधी तो कण्हतो. एरवी झुबकेदार शेपटी उंच धरणारा स्पिट्झ ती खाली सोडून हिंडू लागला तर तेही चिन्ह अर्थपूर्ण असते. काही वेळा घरच्यांना प्रथम जाणवतो तो वासच. सतरंजीला, उशीला, कुत्र्याच्या तोंडाला मासळीचा वास येऊ लागतो व दात किडले असावेत अशी शंका घेतली जाते. कुत्र्याने चाटले कोठे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता जंतांविषयी. बूड घासण्याशी ज्यांचा संबंध असतो ते मुख्यतः पट्टकृमी होत. त्यांचे तुटलेले तुकडे गुदद्वाराभोवती वळवळतात आणि खाज आणतात. ताजे असताना ते काकडीच्या बीसारखे दिसतात, वाळल्यावर तांदळाच्या कणीसारखे. शेपटीखालचे केस बाजूला करून व ताजा मळ नीट पाहून हे तुकडे दिसतात का, याची खात्री घरीही करता येते. यांतील सर्वांत सामान्य जातीचा प्रसार पिसवांमार्फत होतो. पिसवेच्या अळीने कृमीची अंडी खाल्लेली असतात; तीच पिसू मोठी झाल्यावर कुत्रा अंग चावताना गिळतो. म्हणून पिसवांचा बंदोबस्त न करता नुसते औषध पाजणे निरर्थक ठरते. दुसरी गोष्ट अशी की गोल जंतांवर दिले जाणारे पायपेराझिनसारखे जुने औषध पट्टकृमींवर चालतच नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेलसारखे औषध लागते. दुकानदाराने हाती ठेवलेली बाटली कोणत्या जंतांची आहे हे न पाहता ती पाजणाऱ्याचे पैसे तर जातातच, शिवाय ‘औषध झाले आहे’ या समजुतीने खऱ्या निदानाचे दिवसही वाया जातात.

पिसवांची अलर्जी, गुदद्वाराभोवती गुंतलेल्या केसांत चिकटलेला वाळका मळ, नुकताच होऊन गेलेला अतिसार यांमुळेही कुत्रा बूड घासतो. अल्सेशियन जातीत गुदद्वाराभोवती भगंदरासारखी अनेक भोके पडून ती पाझरू लागतात. हा विकार शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडातून होतो, पिशव्या पिळून तो बरा होत नाही आणि त्याचे उपचारही निराळे असतात. खच्चीकरण न केलेल्या वयस्क नरांत गुदद्वाराच्या कडेला गाठी येतात, त्या बहुधा साध्या असतात. सांगायचे ते एवढेच, की लक्षण एक आणि कारणे अनेक असल्याने बोटाने तपासल्याशिवाय निर्णय करता येत नाही.

घरी पिशव्या रित्या कराव्यात की नाही, याविषयी मतभेद आहेत. कुत्र्यांचे केस कापणारे कारागीर प्रत्येक आंघोळीच्या वेळी पिशव्या पिळतात व मालकही ती सेवा समजून तिचे पैसे देतात. निरोगी पिशव्यांना मुळीच हात लावू नये हे अधिक योग्य होय. वारंवार पिळल्याने नाजूक नळीला इजा होते, ती सुजते आणि नसलेला विकार निर्माण होण्याचा संभव असतो. परंतु ज्या कुत्र्याच्या पिशव्या वारंवार तुंबतात, त्याच्या मालकाने पशुवैद्याकडून ही कृती प्रत्यक्ष शिकून घेण्यास हरकत नाही. पुस्तक वाचून प्रथमच हा प्रयोग करू नये; पुढील वर्णन शिकलेले आठवण्यासाठी आहे.

या कामाला दोन माणसे लागतात. आंघोळीच्या आधीची वेळ सोयीची असते, कारण नंतर तो भाग धुता येतो. एकाने कुत्र्याचे डोके काखेत धरून त्याला उभा ठेवावा. कुत्रा गरीब असला तरी जबड्याभोवती मऊ पट्टी बांधावी व काम होताच ती सोडावी. पग जातीच्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचे तोंड मात्र असे बांधू नये, त्याचा श्वास कोंडतो. दुसऱ्याने रबरी हातमोजे घालून एका हाताने शेपटी पाठीवर सरळ उभी धरावी. असे केल्याने पिशव्या किंचित बाहेर येतात. दुसऱ्या हातात कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा जाड बोळा घेऊन तो गुदद्वारावर धरावा, आंगठा व तर्जनी पिशव्यांच्या खाली दोन बाजूंना ठेवावीत, थोडे आत दाबावे आणि मग हलकेच वर व बाहेर, नळीच्या तोंडाकडे सरकवत न्यावे. तोंड बाजूला ठेवावे, हे सांगणे न लगे. तपकिरी पातळ द्रव आला तर काम झाले. टूथपेस्टसारखा दाट चिकट पदार्थ आला तर पिशवी तुंबलेली होती. पिवळा-हिरवा पू किंवा रक्त दिसले तर तेथेच थांबावे. हलक्या दाबाने काहीच आले नाही तरीही थांबावे. जोर केला तर पिशवी कातडीखाली फुटते आणि साधा विकार अवघड होऊन बसतो. बाहेरून पिळल्याने पिशवी पूर्ण रिती होत नाही, हीही या पद्धतीची मर्यादा आहे. पशुवैद्य वंगण लावलेले बोट गुदद्वारात घालून आणि आंगठा बाहेर ठेवून एकेक पिशवी स्वतंत्रपणे दाबतो. त्या वेळी तो पिशवीच्या भिंतीची जाडी व आतल्या गाठीही चाचपून पाहतो. ही तपासणी मालकाच्या हातून होणे शक्य नाही.

तुंबलेल्या पिशवीत जंतूंची वाढ झाली म्हणजे दाह सुरू होतो. या अवस्थेत कुत्र्याला वेदना असतात, तो शेपटीला हात लावू देत नाही आणि आयुष्यात कधी न चावलेला कुत्राही अशा वेळी चावतो. चावा घरच्या, लस टोचलेल्या कुत्र्याचा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व डॉक्टरकडे जावे. भारतासारख्या पिसाळरोगाच्या देशात या नियमाला अपवाद करू नये.

दाह वाढला की गळू होते. पिशवीच्या बाजूला लाल, गरम, ताठ सूज येते, कुत्रा खाणे टाकतो व ताप चढतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हे लक्षात घेऊन ताप ठरवावा. माणसाच्या मापाने पाहिल्यास निरोगी कुत्राही तापलेला वाटेल. गळू फुटले नसेल तर पशुवैद्याकडे नेईपर्यंत कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे शेकण्यास हरकत नाही. त्याने वेदना थोडी कमी होते. घरातील पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मात्र कदापि देऊ नये. माणसाची ही औषधे कुत्र्याच्या यकृताला, जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरतात.

फुटलेले गळू पाहून घरची माणसे घाबरतात. कोणी दगड मारला, दुसरे कुत्रे चावले, अशा शंका निघतात. वस्तुतः फुटल्यावर कुत्र्याला बरे वाटते, पण मालकाची जबाबदारी तेथून वाढते. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट लहान चमचाभर मीठ घालून त्या पाण्याने जखम हलकेच धुवावी व त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावी. तो भोवतालचे केस कापतो, गुंगी देऊन पिशवी आतून धुतो, लागल्यास छेद देऊन पूला वाट करून देतो आणि प्रतिजैविक औषध सुरू करतो. ते सांगितलेले सर्व दिवस दिले पाहिजे. सूज उतरली म्हणून मध्येच सोडल्यास गळू पुन्हा भरते. कुत्र्याने जखम चाटू नये यासाठी गळ्यात शंकूच्या आकाराचा पट्टा घालतात. तो न मिळाल्यास जुन्या प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापून व कडांना कापड गुंडाळून काम भागते.

पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या बसतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. गुदद्वाराजवळची जखम मळाने व ओलाव्याने माश्यांना विशेष ओढते. केसाळ कुत्र्यात ती झाकलेली राहते आणि अळ्या मांसात खोल शिरेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. यावर फिनेल किंवा रॉकेल ओतण्याची रीत देशभर आढळते. फिनेलमधील द्रव्ये कातडी जाळतात, जखमेवाटे शरीरात शोषली जातात आणि कुत्रा चाटून ती पोटातही घेतो. अळ्या मारण्यासाठी वापरलेल्या फिनेलनेच कुत्रा दगावू शकतो. अळ्या चिमट्याने काढणे व जखम स्वच्छ करणे हे काम पशुवैद्याचे आहे. रस्त्यावरील कुत्र्याची अशी अवस्था दिसली तर स्वतः हात न घालता जवळच्या प्राणिकल्याण संस्थेला किंवा सरकारी पशुचिकित्सालयाला कळवावे.

विकार वारंवार होत असेल तर आहाराकडे पाहणे प्राप्त होते. आपल्या घरांतून कुत्र्याला दूध-पोळी किंवा दूध-भात घालण्याची चाल आहे. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि मळ कायम सैल राहतो. अशा कुत्र्याचे दूध बंद करताच पिशव्यांचा त्रास कमी झाल्याचे आढळते. उकडून कुस्करलेला लाल भोपळा जेवणात मिसळावा. मात्र घरच्या भाजीतला देऊ नये, कारण तिच्यातील कांदा व लसूण कुत्र्याला विषारी असतात. इसबगोलाचा भुसा लहान कुत्र्याला अर्धा लहान चमचा व मोठ्याला एक-दोन चमचे, भरपूर पाण्यात भिजवून द्यावा. कोरडा दिला तर उलट मलावरोध होतो. शिजवलेली हाडे देणे मात्र बंद करावे. त्यांच्या चुऱ्याने मळ दगडासारखा होतो आणि तीक्ष्ण तुकडे आतड्यात रुततात. कुत्रा लठ्ठ असेल तर त्याचे वजन उतरवणे हाही उपचारच समजावा.

वयस्क कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. पिशवीच्या भिंतीतील ग्रंथींना कर्करोग होतो. तो बहुधा नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या कुत्र्यांत आणि सामान्यतः एकाच बाजूला आढळतो. गाठ वाटाण्याएवढी असतानाही तो पोटातील लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला असू शकतो. त्या वाढून मलाशय दाबतात आणि मळ फितीसारखा चपटा पडू लागतो. बऱ्याच कुत्र्यांत या गाठीमुळे रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण वाढते. मग कुत्रा भांडेच्या भांडे पाणी पितो, सारखा लघवीला जातो व मरगळतो. म्हातारपणी असे व्हायचेच, म्हणून ते सोडून दिले जाते. किंवा मधुमेहाची शंका येते व शेपटीखाली कोणी पाहत नाही. हा रोग बूड घासल्याशिवायही वाढतो, म्हणून आठ वर्षांपुढच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचण्यासाठी नेले असता गुदद्वाराची बोटाने तपासणी करून घेण्याचा आग्रह मालकाने धरावा. तिला एक मिनिटही लागत नाही. गाठ वेळेवर सापडली तर शस्त्रक्रियेनंतर अनेक कुत्री वर्ष-दीड वर्ष, काही त्याहून अधिक काळ चांगली जगतात.

कर्करोग नसतानाही पिशव्या काढून टाकण्याचा प्रसंग येतो. गळवे वर्षातून कित्येकदा होत असतील, धुणे, औषध, आहार हे सारे करून पाहिले असेल, तर शस्त्रक्रिया हा मार्ग उरतो. पिशव्या नसल्याने कुत्र्याचे काही अडत नाही. परंतु ही शस्त्रक्रिया दिसते तितकी किरकोळ नव्हे. पिशव्या मुळी संकोचक स्नायूंच्या मधोमध असल्याने त्या स्नायूंना व त्यांच्या मज्जातंतूंना धक्का लागला तर मळावरील ताबा सुटतो. असे झाले तरी बहुधा काही आठवड्यांत तो परत येतो. क्वचित कायमचा जातो. पिशवीच्या अस्तराचा तुकडा मागे राहिला तर तेथून पुन्हा पाझर सुरू होऊन भोक पडते. म्हणून दाह चालू असताना शस्त्रक्रिया न करता आधी तो शमवतात, आणि ही शस्त्रक्रिया अनेकदा केलेल्या शल्यविशारदाकडेच कुत्र्याला नेणे हिताचे ठरते. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर शंकूचा पट्टा काढू नये, प्रत्येक शौचानंतर तो भाग कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा आणि पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे मळ मऊ राहील असाच आहार द्यावा.